मुतखड्याचे अंतरंग उलगडणारा डॉक्टर

वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या ज्या ग्रंथावर पोसल्या गेल्या, त्या ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’तील मूळ चित्रे काढणारे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर ग्रंथ प्रसिद्ध होण्याआधीच मुंबईच्या वाटेला लागले होते. पुढील तीस वर्षे त्यांनी मुंबई इलाख्यात काढली. महारोग, ‘मदुरा पाय’, दुष्काळातील ताप अशा अनेक विषयांवर त्यांनी काम केले. पण मुतखड्यावरील त्यांचे संशोधन आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

धाराशिव जिल्ह्यातील कळंब तालुक्यातले येरमाळा हे येडेश्वरी देवीचे गाव. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत देवीची पालखी निघते आणि लाखो भाविक रानात उतरून चुनखडी वेचतात. बालाघाटाच्या या पठारावर उन्हाळा कडक आणि पाणी बेताचे. जे असते तेही विहिरी-कूपनलिकांचे, जड. कंबरेतून कळ निघून जांघेत उतरू लागली की घरातले जाणते माणूस पहिला दोष देते तो पाण्यातल्या चुन्याला. मग पानावरचा चुना बंद होतो, दूध बंद होते. भांड्याच्या तळाशी जसा क्षाराचा थर बसतो, तसाच तो पोटात बसून खडा होतो, अशी साधी सोपी कल्पना त्यामागे असते. ही समजूत एकट्या येरमाळ्याची नव्हे. पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांमध्येही ती तेवढ्याच ठामपणे सांगितली जाते.

ती सर्वस्वी खोटी आहे असेही म्हणता येत नाही. बहुतेक मुतखड्यांमध्ये कॅल्शियम असतेच. परंतु लघवीत विरघळलेले क्षार प्रत्येक माणसाच्या शरीरात असताना खडा मात्र थोड्यांनाच का होतो, हा खरा प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हा प्रश्न घेऊन मुंबईत सूक्ष्मदर्शकापुढे बसलेला माणूस म्हणजे डॉ. कार्टर.

चित्रकाराच्या घरातला मुलगा

हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांचा जन्म २२ मे १८३१ रोजी इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील हल या बंदराच्या गावी झाला. वडील हेन्री बार्लो कार्टर हे जलरंगात समुद्राची चित्रे रंगवणारे चित्रकार. स्कारबरो या समुद्रकाठच्या गावी त्यांचा मुक्काम असे. थोरल्या मुलाच्या नावात फ्लेमिश चित्रकार व्हॅन डाइकचे नाव गोवण्यामागे वडिलांच्या मनात काय होते ते उघड आहे. धाकटा मुलगा जोसेफ चित्रकार झालाही. थोरल्याने मात्र वैद्यकाची वाट धरली आणि कुंचला सोबत नेला.

कोवळ्या वयात ते लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या वैद्यकशाळेत दाखल झाले. घरची स्थिती ओढगस्तीची होती. स्वभाव भिडस्त, धार्मिक आणि स्वतःला सतत दोष देणारा. तरुणपणी त्यांनी लिहिलेली रोजनिशी लंडनच्या वेलकम संग्रहात जपून ठेवलेली आहे. एकीकडे अभ्यासातली चिकाटी आणि दुसरीकडे आपण कशाच्याच लायकीचे नाही ही टोचणी, अशी ओढाताण त्या पानांवर दिसते. पुढे रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये त्यांना शरीररचनाशास्त्राची विद्यार्थिवृत्ती मिळाली. तेथे रिचर्ड ओवेन आणि जॉन क्वेकेट या दोन दिग्गजांच्या हाताखाली काम करण्याची संधी लाभली. क्वेकेट हे सूक्ष्मदर्शकाचे जाणकार. हाडाची, दाताची, कवचाची पातळ चकती कापून ती घासून पारदर्शक करायची आणि भिंगाखाली तिची रचना वाचायची, ही त्यांची विद्या. मुंबईत कार्टर यांना सर्वाधिक उपयोगी पडली ती हीच.

सेंट जॉर्जमध्येच त्यांची गाठ हेन्री ग्रे यांच्याशी पडली. ग्रे चार वर्षांनी मोठे, महत्त्वाकांक्षी आणि आत्मविश्वासाने भरलेले. ग्रे यांच्या प्लीहेवरील पुस्तकासाठी कार्टर यांनी चित्रे काढली, पण त्यांचे श्रेय ग्रंथात नोंदले गेले नाही. तरीही १८५५ च्या अखेरीस ग्रे यांनी विद्यार्थ्यांसाठी शरीररचनेचे नवे पाठ्यपुस्तक करण्याची कल्पना मांडली, तेव्हा कार्टर तयार झाले. सुमारे दीड वर्ष दोघांनी शवविच्छेदन केले. ग्रे यांनी मजकूर लिहिला, कार्टर यांनी लाकडी ठोकळ्यांवर उलटी चित्रे रेखाटली. स्नायूचे, रक्तवाहिनीचे नाव चित्राबाहेर आकड्याने न दाखवता त्या अवयवावरच लिहायचे, ही त्या चित्रांची खासियत. ७५० पानांचा आणि ३६३ चित्रांचा तो ग्रंथ १८५८ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आला आणि आजवर छापला जात आहे.

व्यवहार मात्र एकतर्फी ठरला. ग्रे यांना दर हजार प्रतींमागे दीडशे पौंड मिळण्याचा करार होता; कार्टर यांना एकरकमी दीडशे पौंड. छपाईपूर्वी शीर्षकपृष्ठाचा कच्चा नमुना आला, तेव्हा ग्रे यांनी कार्टर यांचे नाव लहान टाइपात घेण्याची खूण केली आणि त्यांचे मुंबईतील प्राध्यापकपद खोडून टाकले. तो नमुना आजही उपलब्ध आहे. ग्रे फार जगले नाहीत. देवीच्या साथीत पुतण्याची शुश्रूषा करताना त्यांना लागण झाली आणि १८६१ मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते गेले. कार्टर यांनी मिळालेल्या पैशांतून एक उत्तम सूक्ष्मदर्शक विकत घेतला आणि तो घेऊन ते हिंदुस्थानाकडे निघाले. ग्रंथाची पहिली प्रत छापून झाली तेव्हा ते विलायतेत नव्हते.

मुंबईच्या संग्रहालयातील खडे

१८५८ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर कार्टर मुंबईत उतरले. उत्तरेत उठावाची धग अजून विझली नव्हती. ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना व शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक आणि शेजारच्या जमशेटजी जीजीभॉय रुग्णालयात सहायक सर्जन अशी त्यांची नेमणूक झाली. १८४५ मध्ये स्थापन झालेल्या या महाविद्यालयाचे एक छोटे संग्रहालय होते आणि तेथे रुग्णांच्या मूत्राशयातून काढलेल्या खड्यांचा साठा जमत होता.

त्या काळातील मुतखडा आणि आजचा मुतखडा यांत मोठा फरक आहे. आज आपल्याकडे खडा म्हणजे बहुधा मूत्रपिंडातला किंवा मूत्रनलिकेत अडकलेला, आणि रुग्ण तिशी-चाळिशीचा. तेव्हाचा खडा प्रामुख्याने मूत्राशयातला आणि रुग्ण पुष्कळदा चार-पाच वर्षांचा मुलगा. लघवी संपता संपता मूल किंचाळे, लिंगाचे टोक हाताने ओढत राही, धार मध्येच तुटे आणि कुशीवर वळले की पुन्हा सुरू होई. सिंध, गुजरात, पंजाब हे अशा खड्यांचे कुप्रसिद्ध मुलूख. मुंबई इलाख्यात सिंध आणि गुजरातचा मोठा भाग असल्याने तेथील शस्त्रवैद्यांचा या विकाराशी नित्याचा संबंध येई. त्याचे कारण आज बऱ्याच अंशी कळले आहे. दुधाविना नुसत्या धान्यावर वाढणारी मुले, वारंवारची हगवण आणि त्यातून शरीरातले कमी होणारे पाणी यांचा त्यात मोठा वाटा असतो. आहार सुधारला तसतसा युरोपातून बालकांचा हा खडा नाहीसा होत गेला.

निदानाचे साधन एकच होते. धातूची वाकडी शलाका मूत्रमार्गातून आत सरकवायची आणि खड्यावर ती आदळल्याचा टक् असा आवाज येतो का, हे कानाने आणि बोटांनी टिपायचे. उतारवयातील पुरुषाची लघवी तुंबते ती खड्यामुळे की पुरःस्थ ग्रंथी, म्हणजे प्रोस्टेट, वाढल्यामुळे, हा भेदही याच शलाकेच्या भरवशावर केला जाई. उपचार म्हणजे गुदद्वार आणि वृषणांच्या मधल्या भागावर छेद घेऊन खडा बाहेर काढणे. सुश्रुताने अश्मरीसाठी याच मार्गाची शस्त्रक्रिया वर्णिली आहे आणि ती बेभरवशाची असल्याने आधी राजाची अनुमती घ्यावी असा इशाराही दिला आहे. कार्टर यांच्या काळात क्लोरोफॉर्म आले होते, पण जखमा चिघळण्यावर खात्रीचा इलाज अजून नव्हता.

खडा बाहेर निघाला की शस्त्रवैद्याचे काम संपे. कार्टर यांचे तेथून सुरू होई. संग्रहालयातील खड्यांचा तपशीलवार लेखाजोखा त्यांनी मुंबईच्या ‘मेडिकल अँड फिजिकल सोसायटी’च्या नियतकालिकात मांडला. खड्याचे रसायन तपासण्याची पद्धत त्या वेळी रूढ होती. कार्टर यांनी त्यापुढे जाऊन खडा मधोमध चिरला. फळाची कोय शोधावी तसे त्याचे केंद्र शोधले आणि केंद्रात काय आहे व बाहेरच्या थरांत काय आहे, याचा वेगवेगळा हिशेब ठेवला. बाहेरचे थर नंतर कशाचेही चढू शकतात. खडा मुळात का जन्मला हे केंद्र सांगते, ही त्यामागची दृष्टी. इंग्लंडमधील संग्रहांत केंद्रस्थानी बहुधा यूरिक आम्ल सापडे. मुंबईच्या खड्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचा वाटा ठळकपणे मोठा निघाला. देश बदलला, आहार आणि हवा बदलली की खड्याचे बीजही बदलते, ही गोष्ट त्यातून पुढे आली.

याच वर्षांत त्यांनी आणखी एका विकाराचा छडा लावला. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्याच्या पायात काटा मोडतो, पाय हळूहळू सुजतो, त्याला भोके पडून काळे वा पांढरे दाणे बाहेर येऊ लागतात. ‘मदुरा पाय’ म्हणून ओळखला जाणारा हा रोग बुरशीमुळे होतो असे त्यांनी दाखवले आणि त्याला ‘मायसेटोमा’ हे नाव दिले. वैद्यकात ते नाव टिकले.

साताऱ्याची नऊ वर्षे

खासगी आयुष्य याच काळात विस्कटले. मुंबईत आल्यानंतर वर्षभरातच केलेले लग्न सुखाचे ठरले नाही आणि त्याचा बोभाटा त्यांच्या मानी स्वभावाला झेपला नाही. १८६३ मध्ये ते सिव्हिल सर्जन म्हणून साताऱ्याला गेले. तुरुंगाची देखरेखही त्यांच्याकडे होती. मुंबईची वैद्यकीय मंडळी, चर्चा, ग्रंथालय यांपासून दूर असलेली ही जागा एखाद्याला शिक्षा वाटली असती. कार्टर यांनी तेथे नऊ वर्षे काढली. महारोग्यांची पाहणी हा त्यांचा मुख्य उद्योग. त्याच्या जोडीला खड्यांचे छेद घेण्याचे काम पुढे सरकत राहिले.

१८७३ मध्ये रजेवर असताना लंडनच्या चर्चिल प्रकाशनाने त्यांचे मूत्रखड्यांची सूक्ष्म रचना आणि त्यांच्या घडणीची रीत यावरचे छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचा गाभा समजून घेण्यासारखा आहे. साध्या पाण्यातून क्षार बाहेर पडला की त्याचे टोकदार, सरळ कडांचे स्फटिक बनतात. मिठागरात मीठ धरते तसे. पण त्याच पाण्यात डिंक किंवा अंड्याचा बलक वगळून उरणारा पांढरा भाग यांसारखा चिकट पदार्थ मिसळला, तर स्फटिकाऐवजी गोलसर, थराथरांचे कण तयार होतात आणि ते एकमेकांना चिकटून मोठे होतात. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील जॉर्ज रेनी यांनी हे प्रयोगाने दाखवले होते. कार्टर यांनी खड्याच्या कागदासारख्या पातळ चकत्या करून भिंगाखाली पाहिल्या, तेव्हा केंद्राशी त्यांना तसेच गोल कण आणि त्यांना धरून ठेवणारा सेंद्रिय पदार्थ दिसला. याचा अर्थ, खडा म्हणजे तळाशी बसलेला गाळ नव्हे. लघवीत क्षार असणे पुरेसे नाही. त्यांना घडवणारे, बांधणारे काहीतरी शरीराच्या बाजूने यावे लागते. शिंपल्यात कवच घडते किंवा हाडात चुना धरतो, त्या प्रक्रियेशी खड्याचे नाते अधिक जवळचे आहे, असा हा विचार होता. चित्रकाराच्या घरातल्या माणसाने आकाराकडे पाहिले म्हणून तो सुचला, असे म्हटले तर ते फार चुकीचे ठरणार नाही.

आजच्या मूत्रशास्त्रात या सेंद्रिय पदार्थाला खड्याचा सांगाडा मानतात. खड्याच्या वजनात तो शेकडा दोन-तीन भागच असतो. १९३७ मध्ये अमेरिकेतील अलेक्झांडर रँडल यांनी मूत्रपिंडाच्या आतील टोकांवर खड्याची मुळे धरणारे चट्टे शोधले आणि खड्याचे मूळ शरीराच्या ऊतीतच असते या विचाराला बळ आले. लघवीतले क्षार अधिक असणे, पाणी कमी पडल्याने लघवी घट्ट होणे, खडा होऊ न देणारे सायट्रेटसारखे घटक कमी असणे अशी अनेक कारणे एकत्र यावी लागतात, हे आता मान्य आहे. म्हणूनच खडा झालेल्यांना डॉक्टर दूध तोडायला सांगत नाहीत. जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते; ते कमी केले तर ऑक्झलेट रक्तातून लघवीत अधिक उतरते. भर असतो तो दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी पिण्यावर, मीठ आणि मांसाहार बेताचा ठेवण्यावर, लिंबासारख्या फळांवर. निदान सोनोग्राफीने आणि गरज पडल्यास सीटी स्कॅनने होते. लहान खडे आपोआप पडून जातात, मोठे १९८० पासून उपलब्ध झालेल्या लहरींनी अथवा दुर्बिणीतून लेसरने फोडतात. कळीसोबत थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंदच झाली, तर मात्र घरगुती काढ्यांवर दिवस काढणे मूत्रपिंडाच्या जिवावर बेतते. बाहेर आलेला खडा फेकून न देता तपासायला द्यावा, असे डॉक्टर सांगतात, त्यामागे कार्टर यांचाच जुना प्रश्न आहे.

शस्त्रक्रियेची बाजूही त्यांच्या हयातीतच बदलली. १८७८ मध्ये बोस्टनच्या हेन्री बिगेलो यांनी छेद न घेता मूत्रमार्गातून उपकरण घालून एकाच बैठकीत खडा फोडून धुऊन काढण्याची पद्धत आणली. एवढ्याशा मुलांच्या मूत्रमार्गातून हे शक्य नाही, असे विलायतेतले नाणावलेले सर्जन सांगत असताना होळकरांच्या इंदूरमध्ये रेसिडेन्सी सर्जन कीगन यांनी ते मुलांवर करून दाखवले.

दुष्काळातील ताप

रजेच्या काळात कार्टर नॉर्वेला गेले. हॅन्सन यांनी महारोगाचा जंतू पाहिला ते हेच १८७३ साल. तेथील रुग्णालयांची व्यवस्था पाहून आल्यावर हिंदुस्थानात महारोग्यांसाठी वेगळी आरोग्यगृहे हवीत, असा अहवाल त्यांनी दिला. सरकारने तो वाचला, पण पैसे फारसे सोडले नाहीत.

१८७६ ते १८७८ चा दुष्काळ दख्खनच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या विसरला नाही. सोलापूर, सातारा, नगर या जिल्ह्यांतून हाडांचे सापळे झालेली माणसे मुंबईच्या रस्त्यांवर येऊन पडली. त्यांच्यात उलटून उलटून येणारा एक ताप पसरला. गोकुळदास तेजपाल रुग्णालयात कार्टर यांनी या रुग्णांचे रक्त भिंगाखाली घेतले, तेव्हा त्यात मळसूत्रासारखे वळवळणारे जंतू दिसले. जर्मनीत काही वर्षांपूर्वी सापडलेला हा जंतू हिंदुस्थानातही आहे, हे त्यांनी सिद्ध केले. पुढे तो माकडांमध्ये टोचून तापही उत्पन्न करून दाखवला. या विषयावरील त्यांचा मोठा ग्रंथ १८८२ मध्ये आला. १८८७ मध्ये हिवतापाच्या रुग्णांच्या रक्तात लावेराँ यांनी वर्णिलेले परजीवी त्यांनी मुंबईत पाहिले. भारतात ते पाहणाऱ्या अगदी पहिल्या मोजक्यांत त्यांची गणना होते. रोनाल्ड रॉस यांचा डासावरचा शोध त्यानंतर दहा वर्षांनी लागला.

ग्रँट मेडिकल कॉलेजचे हंगामी प्राचार्यपद त्यांनी सांभाळले. १८८८ मध्ये डेप्युटी सर्जन जनरल या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले आणि लहानपणीच्या स्कारबरोला परतले. व्हिक्टोरिया राणीचे मानद सर्जन म्हणून १८९० मध्ये त्यांची नियुक्ती झाली. त्याच वर्षी, साठीला टेकलेल्या या माणसाने पुन्हा विवाह केला. दोन मुले झाली. उशिरा लाभलेले हे घर त्यांच्या वाट्याला सात वर्षेच आले. ४ मे १८९७ रोजी क्षयाने त्यांचे निधन झाले. त्याच्या दीडच वर्ष आधी राँटजेन यांनी क्ष-किरण शोधले होते आणि शरीर न कापता, शलाका न घालता आतला खडा छायाचित्रात दिसू लागला होता.